पडदा काळा, आवाज गायब
वाचक विचारतात: गाडीतली म्युझिक सिस्टीम आणि नॅव्हिगेशन

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. टेप बंद पडला, नकाशा हलेना, एका दारातला आवाज गेला. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेक उत्तरांना एक साधा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा एक बल्ब आणि थोडा धीर एवढंच लागतं. डॅशबोर्ड उघडल्यावर दिसणाऱ्या एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र हात लावू नका आणि त्याच्या तारांवर मीटरही टेकवू नका.

प्रश्न (सांगली): आठ वर्षं जुनी हॅचबॅक आहे. बॅटरी बदलली त्याच दिवशी म्युझिक सिस्टीमचा पडदा काळा झाला. बटणांतले दिवेही लागत नाहीत. ॲक्सेसरीजवाला म्हणतो, आतलं सर्किट जळलंय, नवीन अँड्रॉइड सिस्टीम टाका. खरंच बदलावी लागेल का?

उत्तर: लागेलही कदाचित, पण मीटर न लावता कुणी 'सर्किट जळलं' म्हणत असेल तर तो अंदाज समजा. बॅटरी बदलताना प्लस-मायनस क्षणभर जरी उलटे टेकले, तरी फ्यूज उडतो. तो उडण्यासाठीच असतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

सिस्टीमला साधारणपणे दोन वाटांनी वीज येते. एक कायमची, जिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. दुसरी चावी ॲक्सेसरीवर फिरवल्यावर येणारी. दोन्हींचे फ्यूज वेगळे असतात, आणि कायमच्या वाटेचा फ्यूज कित्येक गाड्यांत छतावरच्या दिव्याबरोबर असतो. छताचा दिवाही लागत नसेल तर अर्धं निदान तिथेच झालं. फ्यूज उपटून डोळ्यांनी पाहण्याची गरज नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चावी फिरवून मीटरची काळी टोकणी बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा आणि लाल टोकणी आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांवर टेकवा. दोन्हीकडे १२ व्होल्ट आले तर फ्यूज ठीक, एकीकडे शून्य आला तर उडालेला. नवा घालताना रंग बघा: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जितक्याचा होता तितक्याचाच घाला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून गाडी चालू करून देणारे महाभाग अजून भेटतात. त्यात पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते. सिस्टीमच्या पाठीमागेही १० किंवा १५ अँपिअरचा एक फ्यूज असू शकतो, तो विसरू नका.

फ्यूज ठीक असतील तर सिस्टीम बाहेर ओढून कपलरवर मोजा. बाहेरून बसवलेल्या सिस्टीमच्या हार्नेसमध्ये पिवळी तार कायमच्या विजेची, लाल ॲक्सेसरीची आणि काळी अर्थिंगची असते. कंपनीच्या मूळ कपलरमध्ये या रंगांवर अजिबात विसंबू नका, तिथे त्या गाडीचा वायरिंग नकाशाच हवा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते, आणि कपलरवर जवळपास तेवढेच मिळायला हवेत.

इथे बरेच जण फसतात. आतल्या दहा बारीक तंतूंतला एकच शिल्लक असलेल्या, हिरव्या पडलेल्या तारेतूनही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर वीज ओढतच नाही. म्हणून पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब जळत असताना पुन्हा मोजा. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खाली आलं तर दोष तारेत, सॉकेटात किंवा अर्थिंगमध्ये आहे. नेमकं कुठे ते कळायला बल्बची काळी बाजू तारेवरून काढून थेट बॉडीच्या उघड्या धातूला टेकवा. उजेड वाढला तर अर्थिंग खराब.

नवा फ्यूज घालताक्षणी उडत असेल तर सिस्टीमचा कपलर पूर्ण काढा आणि पुन्हा नवा फ्यूज घालून बघा. आता टिकला तर शॉर्ट सिस्टीमच्या आत आहे. उलट्या जोडणीपासून वाचवायला आत एक संरक्षक डायोड असतो. तो स्वतःच शॉर्ट होऊन बसतो आणि मग प्रत्येक फ्यूज खातो. सिस्टीमच्या पिवळ्या-काळ्या पिनांमध्ये शून्याच्या जवळ ओहम आले तर संशय पक्का. डायोड काही रुपयांचा असतो आणि टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर तो बदलू शकतो. बल्बचा भार देऊनही तिन्ही तारा ठीक, बारीक छिद्रातलं रिसेट बटण पिनेने दहा सेकंद दाबून झालं, तरी पडदा काळाच, असं असेल तर दुकानदाराचं म्हणणं मान्य करा.

प्रश्न (कोल्हापूर): बॅटरी काढून चार्ज केली. आता टेप चालू होतो, पण पडद्यावर 'कोड' एवढंच येतं.

उत्तर: बिघाड नाही, चोरीपासूनचं कुलूप आहे. चार आकडी कोड गाडीच्या पुस्तिकेसोबतच्या छोट्या कार्डावर असतो. कार्ड हरवलं असेल तर टेपच्या पाठीवरचा सिरियल नंबर आणि आरसी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. अंदाजाने आकडे मारत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर टेप स्वतःला बंद करून घेतो, आणि मग कित्येक मॉडेलांत तो चालू ठेवून तासभर थांबावं लागतं. त्या तासात चावी बंद केली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न (नाशिक): बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड सिस्टीमवर बाण रस्ता सोडून शेजारच्या शेतात चालतो, कधी दहा मिनिटं एकाच जागी थिजतो. मोबाइल हातात धरला तर त्यावर बरोबर दिसतं.

उत्तर: मोबाइलवर बरोबर दिसतं म्हणजे आकाशातून येणारे संकेत तुमच्यापर्यंत नीट पोचताहेत. सिस्टीमचा अँटेना संशयित. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावर आहेत आणि त्यांचा संकेत इथे पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की धातूची एक पातळ पट्टी आड आली तरी तो अडतो.

प्ले स्टोअरवरचं उपग्रह दाखवणारं कोणतंही फुकट ॲप सिस्टीमवर घाला आणि गाडी मोकळ्या मैदानात उभी करा. प्रत्येक उपग्रहासमोर संकेताचा आकडा दिसतो. ३५ ते ४५ असेल तर उत्तम, पंचविशीच्या खाली असेल तर काहीतरी आड येतंय. एकही उपग्रह दिसत नसेल तर अँटेना जोडलेला नाही किंवा त्याला वीज मिळत नाही. बटाटावड्याएवढ्या त्या काळ्या चौकोनी डबीत एक छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला सिस्टीमकडून त्याच तारेतून ३ ते ५ व्होल्ट यावे लागतात. सिस्टीम चालू ठेवून मागचा सोनेरी स्क्रू-कनेक्टर सोडवा आणि सिस्टीमच्या बाजूला मधलं टोक व आटे यांच्यामध्ये मोजा. टोकण्या एकमेकींना टेकू देऊ नका. व्होल्ट येत असतील तर अँटेना बदला, तो स्वस्त असतो. शून्य असेल तर सिस्टीममधला पुरवठा गेला आहे. डॅशबोर्ड बंद करताना अँटेनाची तार स्क्रूखाली चेपून शॉर्ट झाली की हे हमखास होतं.

अँटेना चांगला निघाला तर जागा बघा. बसवणारे तो सिस्टीमच्या लोखंडी चौकटीवर ठेवून मोकळे होतात. तो डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, काचेच्या जवळ, चुंबकाची बाजू खाली आणि गुळगुळीत बाजू आकाशाकडे करून हवा. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर त्या खालची जागा टाळा. नंतर डॅशकॅम आणि सिगारेट लायटरमधला चार्जर, दोन्ही उपटून तपासा. हलक्या चार्जरमधून निघणारा विद्युत-गोंगाट जीपीएसही दाबतो आणि एफएमही. सगळं झाल्यावर पहिल्यांदा गाडी उघड्यावर पंधरा मिनिटं उभी ठेवा, कारण सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात.

अँड्रॉइड ऑटो वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोबाइल गाडीला जोडला की कित्येक गाड्यांत नकाशा गाडीच्या जीपीएसचं ठिकाण घेतो. केबल काढल्यावर बाण जागेवर येत असेल तर मोबाइल बदलून काही होणार नाही. अँटेनाच बघावा लागेल.

प्रश्न (ठाणे): जुन्या आयात सेडानमधलं नॅव्हिगेशन वाट बरोबर दाखवतं, वेळही बरोबर, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची! सेट केली तरी पुन्हा मागे जाते.

उत्तर: जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवत नाहीत, आठवड्याचा क्रमांक पाठवतात, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेला. जुन्या संदेशात त्यासाठी दहा बिटांचीच जागा आहे, म्हणून १०२३ नंतर पुन्हा शून्य. हे ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. काही रिसीव्हर मोजणी आपल्या सॉफ्टवेअरच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे त्यांचा फेरा भलत्याच वर्षी उलटतो. तुमची तारीख १०२४ आठवडे, म्हणजे १९ वर्षं आणि साधारण साडेसात महिने मागे असेल तर हेच कारण. ठिकाण आणि वेळ यावर परिणाम होत नाही. रात्रीचा गडद पडदा सूर्यास्ताच्या हिशेबाने बदलत असेल तर तो पुढेमागे होईल, इतकंच. उपाय फक्त कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट. ते उपलब्ध नसेल तर या एका कारणासाठी चालता डबा बदलू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): समृद्धी महामार्गावर गाडीचं नॅव्हिगेशन सारखं 'शक्य तिथे वळा' म्हणतं. मित्राच्या कार्डावरून नवा नकाशा कॉपी करून घेतला तर कार्ड वाचतच नाही.

उत्तर: नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. तुमच्या कार्डातला नकाशा त्याआधीचा आहे, त्याच्या लेखी तिथे रानच आहे. नकाशाचं एसडी कार्ड बऱ्याच गाड्यांत त्या कार्डाच्या कारखान्यातल्या क्रमांकाशी बांधलेलं असतं, म्हणून कॉपी चालत नाही. मूळ कार्ड फॉरमॅट मात्र चुकूनही करू नका. मूळ कार्डही अधूनमधून वाचत नसेल तर त्याची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा.

नकाशा जुना असला तरी कंपनीच्या नॅव्हिगेशनचा एक फायदा आहे. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. मोबाइल तिथे अंदाजावर जातो. गाडीतली यंत्रणा चाकांच्या फेऱ्या आणि गाडीचं वळण ओळखणारा आतला जायरो यांवरून बाण सरकवत राहते, अर्थात नकाशात तो रस्ता असेल तर. टायरचा आकार बदलला असेल आणि बाण मागे किंवा पुढे पडत असेल तर मेनूतलं कॅलिब्रेशन पुन्हा करा.

प्रश्न (रत्नागिरी): ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर मधूनच बंद होतो. दार आपटलं की पुन्हा सुरू. कधीकधी तर चारही स्पीकर एकदम गप्प होतात. नवीन स्पीकर घालून बघितला, फरक नाही.

उत्तर: दार आणि खांब यांच्यामध्ये जो नागमोडी रबरी नळा असतो, त्याच्या आत तार तुटली आहे. गाडीत सगळ्यात जास्त उघडझाप या दाराची होते, आणि तांबं पुन्हा पुन्हा वाकून तुटतं. वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. कोकणात उंदरांचाही हिशेब धरा.

चारही स्पीकर गप्प होण्याचं कारण वेगळं दिसलं तरी मूळ तेच. तुटलेलं टोक दाराच्या पत्र्याला टेकतं. आजच्या सिस्टीममध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर, मायनसवरही, बॉडीच्या तुलनेत सहाएक व्होल्ट असतात. त्यातली एकही पत्र्याला लागली की आतली आयसी स्वतःला वाचवायला सगळे चॅनल बंद करते. म्हणूनच जुन्या पद्धतीने स्पीकरची मायनस तार बॉडीला जोडून देणाऱ्या वायरमनला थांबवा.

खात्री अशी करा. सिस्टीमच्या मागचा कपलर काढा आणि त्या स्पीकरच्या दोन तारांमध्ये ओहम मोजत दार हळूहळू उघडा-मिटा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. आकडा मधूनच उडाला तर तार तुटलेली. मग प्रत्येक तार आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. काहीच लागता कामा नये. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्याच दोन तारांना टेकवा, स्पीकरमधून 'टक्' आवाज यायला हवा. दुरुस्ती करताना जोड नळ्याच्या आत नको, तो तिथे पुन्हा तुटेल. दाराच्या आतून खांबाच्या आतपर्यंत नवा लवचिक तुकडा ओढा, दोन्ही टोकांना झाळा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा.

प्रश्न (पुणे): सेकंडहँड जर्मन सेडान. मोठ्या पावसानंतर रेडिओ, नॅव्हिगेशन, फोन, सगळं एकदम गेलं. फ्यूज चांगले आहेत. हेड युनिट बदलायला सांगताहेत, किंमत ऐकून घाम फुटला.

उत्तर: घाम पुसा आणि आधी डिकीतला गालिचा उचला. या वर्गातल्या २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हेड युनिट (म्हणजे सिस्टीमचा मुख्य डबा), ॲम्प्लिफायर, ट्यूनर, फोनचं मोड्यूल हे सगळे तांब्याच्या नाही, तर ऑप्टिकल फायबरच्या एका वर्तुळात जोडलेले असतात. या जोडणीला मोस्ट म्हणतात. लाल प्रकाशाचा संदेश एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरून परत येतो. मधला एक जरी मेला तरी वर्तुळ तुटतं आणि सगळेच मुके होतात. ॲम्प्लिफायर बहुधा डिकीच्या कोपऱ्यात, चाकावरच्या पोकळीत, म्हणजे पाणी साचण्याच्या जागी. पाणी येतं मागच्या दिव्याच्या रबरातून, डिकीच्या सीलमधून किंवा सनरूफच्या तुंबलेल्या निचरा-नळीतून.

शोध घ्यायला बॅटरीची मायनस काढा, ओल्या मोड्यूलचा फायबर कपलर सोडवा आणि त्या जागी फायबरचा आखूड 'लूप' लावा. तो येणारा प्रकाश तसाच पुढे ढकलतो. बॅटरी जोडून चावी फिरवा. पडदा आणि नॅव्हिगेशन परत आले, फक्त आवाज नाही, तर दोषी ॲम्प्लिफायर. नाही आलं तर लूप पुढच्या मोड्यूलवर न्या. काढलेल्या फायबरच्या टोकाशी चावी फिरवल्यावर लाल उजेड दिसतो का, तेही बघता येतं. ज्या मोड्यूलपर्यंत तो येतो पण पुढे जात नाही, तिथे गडबड. फायबरच्या टोकाला बोट लावू नका, आणि त्याला २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा बाक देऊ नका, नाहीतर प्रकाश बाहेर गळतो आणि नवाच दोष तयार होतो.

मोड्यूल फार वेळ पाण्यात नसेल तर उघडून हिरवट थर मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतल्यावर कधीकधी जिवंत होतं. उन्हात वाळवून लगेच लावू नका. सेकंडहँड घ्यायचं तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा आणि ते गाडीशी जुळवण्याचं कोडिंग कोण करून देणार हे पैसे देण्याआधी ठरवा. आणि पाणी कुठून येतंय ते बंद केल्याशिवाय नवं बसवू नका.

प्रश्न (जालना): नवीन सिस्टीम बसवल्यापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवी आहे, ३५ अँपिअर-तासांची.

उत्तर: ०.४ अँपिअरची गळती धरा. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास जातात, दोन दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. चावी काढून दार लॉक केल्यावर गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत ओढायला हवी.

मोजायला मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची मायनस काढून मीटर मध्ये जोडा. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा म्हणजे गाडीला दार मिटल्यासारखं वाटेल, आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले संगणक एकेक करून झोपतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आता सिस्टीमचा फ्यूज काढा. आकडा धाडकन खाली आला तर जोडणी चुकली आहे: बहुधा लाल आणि पिवळी तार एकत्र करून कायमच्या विजेवर टाकली, किंवा ॲम्प्लिफायरला चालू हो म्हणून सांगणारी निळी-पांढरी रिमोट तार थेट बॅटरीवर घेतली. लाल तार ॲक्सेसरीच्या फ्यूजवर न्या. उलट तक्रार, म्हणजे दरवेळी गाडी बंद केली की स्टेशनं पुसली जातात, अशी असेल तर लाल-पिवळ्यांची अदलाबदल झाली आहे.

प्रश्न (अमरावती): ॲम्प्लिफायर लावल्यापासून रेस दिली की स्पीकरमधून 'घूंऽऽ' आवाज चढत जातो.

उत्तर: अल्टरनेटरचा आवाज. ॲम्प्लिफायरच्या आरसीए पिना, म्हणजे सिस्टीमकडून आवाज आणणाऱ्या तारांच्या पिना, काढा. आवाज थांबला तर तो सिस्टीमकडून किंवा त्या तारेतून येतोय: आरसीए एका बाजूने आणि बॅटरीची जाड तार दुसऱ्या बाजूने न्या. थांबला नाही तर ॲम्प्लिफायरचं अर्थिंग. अर्थिंगची तार ज्या बोल्टला आहे त्याखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्ट मोजले आणि ०.५ च्या वर निघाले तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या.

प्रश्न (पुणे): परदेशातून आणलेल्या सिस्टीमवर ९१.१ लागतं, ९८.३ लागतं, पण आकाशवाणीचं १०१ काही केल्या लागत नाही. अँटेना बदलू का?

उत्तर: नको. सिस्टीम अमेरिकेच्या प्रदेशावर सेट आहे. तिथे एफएमचे टप्पे ०.२ चे आणि सगळे विषम: १००.९ नंतर थेट १०१.१. मेनूत रेडिओ रीजन किंवा एरिया शोधा, एशिया किंवा युरोप निवडा, स्टेशनं पुन्हा शोधू द्या. सिस्टीम जपानची असेल आणि रेडिओ ९० किंवा ९५ च्या पुढे जातच नसेल, आणि मेनूत रीजन नसेल, तर ट्यूनर तिथल्याच पट्ट्याचा आहे. त्याला बँड एक्स्पान्डर नावाची छोटी डबी अँटेनाच्या तारेत लावतात. चालते, पण पडद्यावरचा आकडा खऱ्या स्टेशनाचा दिसत नाही.